गोळीच्या पाकिटावरचा आकडा नीट वाचा

कॅल्शियमच्या गोळीवर १२५० मिग्रॅ दिसलं की आपण म्हणतो झालं, दिवसाचा कोटा पूर्ण, पण तसं नसतं हो. तो आकडा कॅल्शियम कार्बोनेटचा, पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, तिथे एलिमेंटल कॅल्शियम, म्हणजे गोळीतलं प्रत्यक्ष कॅल्शियम, ५०० मिग्रॅ लिहिलेलं असतं आणि मोजायचं ते तेवढंच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला रोज १००० मिग्रॅ लागतं, त्यातलं बरंचसं दूध, दही, नाचणीतून येऊ शकतं, म्हणून लगेच दोन गोळ्या सुरू करू नका.

लोहाचं गणित वेगळं, पुरुषांना १९ आणि बायकांना २९ मिग्रॅ, म्हणजे घरात सगळ्यांना एकच मल्टीव्हिटॅमिन हे काही खरं नाही. आणि जेवण झाल्या झाल्या चहा घेत असाल तर पालेभाजीतलं लोह नीट शोषलंच जात नाही, तासभर थांबा, भाजीवर लिंबू पिळा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नका.

डी व्हिटॅमिनची ६०,००० युनिटवाली पुडी मात्र रोजची नाही बरं का, रोजची गरज ६०० युनिट, पुडी साधारण आठवड्याला एक आणि तीही डॉक्टरांनी सांगितली तरच.