वायफाय आहे, नेट नाही: फोन टिकवून ठेवायचा तर या चुका टाळा

वावरातला कॅमेरा, ठिबकचा कंट्रोलर, सौर पंपाचा डबा, आता बऱ्याच डब्यांचं स्वतःचं वायफाय असतं. त्यात इंटरनेट नसतं आणि लागतही नाही. फोन आणि डबा एकमेकांशी बोलले की काम झालं. पण वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांत हे डबे लावताना एकच वाक्य कानी पडतं: "भाऊ, नेट नाही दाखवून रायला, डबा खराब हाये." डबा धड असतो. फोन त्याला सोडून जातो.

डबा रिसेट करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एका बागाईतदार काकांनी रोही (नीलगाय) आणि रानडुकरांवर नजर ठेवायला विहिरीजवळच्या खांबावर कॅमेरा बसवला. खाली उभं राहून फोन जोडला की थोडा वेळ चित्र दिसायचं, मग पडदा काळा. पुतण्या नागपूरहून फोनवर म्हणाला, "पिन खुपसा, रिसेट करा." केलं. पासवर्ड, वेळ, रेकॉर्डिंगच्या सेटिंग, सगळं पुसलं गेलं आणि चित्र पुन्हा गेलंच. शेवटी कॅमेरा उतरवून, दुपट्ट्यात गुंडाळून, मोटरसायकलवर अमरावतीला दुकानात नेला. तिथल्या फोनवर तो व्यवस्थित चालला! तोवर इकडे रोह्यांनी नव्या कलमांचे शेंडे खाल्ले होते. काकांचा फोन हातात घेतला, तर वरच्या पट्टीत एक सूचना न वाचता पडून होती.

ती सूचना काय सांगते ते समजून घ्या. वायफाय जोडलं की अँड्रॉइड गुपचूप गूगलच्या एका पत्त्यावर विचारणा करतो आणि 204 या कोडचं रिकामं उत्तर येण्याची वाट पाहतो. उत्तर नाही आलं की या वायफायला इंटरनेट नाही असं धरून सगळी ये-जा मोबाइल डेटावर वळवतो. वायफाय जोडलेलंच दिसतं, पण तुमचं ॲप कॅमेऱ्याला टॉवरच्या वाटेनं शोधत बसतं. तिथं तो कसा सापडणार?

म्हणून सूचनेवर बोट ठेवा. इंटरनेट नसलं तरी जोडलेलं ठेवायचं का, असा प्रश्न येईल. शब्द कंपनीगणिक बदलतात. "पुन्हा विचारू नका" वर खूण करून "हो" म्हणा. घाईत "नाही" दाबलं असेल तर ते नेटवर्क "फर्गेट" करून नव्यानं जोडा, प्रश्न परत येतो. डब्याला हात लावायचं कारणच नाही.

फोनची हुशारी चालू ठेवणं

वायफाय कमजोर वाटलं की फोन आपणहून मोबाइल डेटावर जातो. या सोयीचं नाव सॅमसंगमध्ये "स्विच टू मोबाइल डेटा", आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या पानावर अगदी खाली "वायफाय असिस्ट". ही सोय घरी ठीक आहे, वावरात बंद करा. माझी सवय मात्र साधी: आधी एअरप्लेन मोड, मग हातानं वायफाय चालू. नुसता डेटा बंद करूनही भागतं, पण लोक मधेच व्हॉट्सॲप पाहायला तो चालू करतात आणि पुन्हा माझ्या नावानं ओरडतात.

व्हिडिओ पाहून नेटवर्क सेटिंग रिसेट करणं

यात घरचे सगळे वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. एक सूचना वाचायचा धीर नाही म्हणून एवढं गमावणं मला पटत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात:

ब्राउझरमध्ये पत्ता टाकताना पुढे http:// लिहा. अनेक डब्यांचा पत्ता 192.168.4.1 असतो, तुमचा स्टिकरवर पाहा.

व्हीपीएन (फोनची सगळी ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) बंद करा.

ॲपला वायफायची नावंच दिसत नसतील तर लोकेशन बंद आहे का बघा.

बाग घराला लागून असेल तर घरच्या वायफायचं "ऑटो कनेक्ट" काढा, नाहीतर फोन तिकडे पळतो.

सगळीकडे "हो" दाबणं

ग्रामपंचायतीच्या वायफायवर गोष्ट उलटी. तिथं इंटरनेट असायलाच हवं. फायबर तुटलेली असताना "हो" म्हटलं तर फोन तिथंच अडकून राहतो आणि पीक विम्याचा फॉर्म फिरत बसतो. तिथं "नाही" म्हणा, डेटावर काम करा. शेजारच्याच्या फोनवर नेट चालतंय आणि फक्त तुमच्यावर नाही, असं असेल तर तारीख-वेळ बरोबर आहे का बघा, आणि "प्रायव्हेट डीएनएस" (वेबसाइटच्या नावाचा पत्ता कुठं विचारायचा, ती फोनची सेटिंग) मध्ये कुणी जाहिराती अडवायचा पत्ता टाकून ठेवला असेल तर ते "ऑटोमॅटिक" वर आणा.