रानपर्सिमॉन: तोडू नका, पडू द्या

‘पहिला फ्रॉस्ट पडला की पर्सिमॉन पिकतात, मग खुशाल तोडा.’ हा सल्ला तुम्हाला कुणीही देईल. पहिल्या वर्षी मीही तो डोळे मिटून मानला. रात्री फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव, पडून गवत पांढरं झालं, सकाळी शिडी लावली आणि एका झाडावरून बादलीभर केशरी, मऊसर फळं उतरवली. दोन तास खपून गर काढला, पुडिंग केलं. पहिल्याच घासाला तोंडाला मिठी बसली. जिभेवर, हिरड्यांवर, टाळ्यावर कुणीतरी लोकर पसरल्यासारखं झालं. सगळं पुडिंग कचऱ्यात गेलं.

इथे बोलते आहे ते अमेरिकेच्या रानात आपसूक वाढणाऱ्या पर्सिमॉनबद्दल. दुकानातल्या टोमॅटोएवढ्या जपानी फळाबद्दल नाही. कनेक्टिकटपासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला कॅन्सस-टेक्सासपर्यंत शेतांच्या बांधांवर, पडीक माळांवर हे झाड सापडतं. फळ सुपारीपासून लहान लिंबाएवढं. ज्या टेंभुर्णीच्या पानांत विड्या वळतात, ती याच घराण्यातली.

झाड ओळखायला सोपं आहे. जुन्या खोडाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी ठोकळ्यांत फुटलेली असते. पानं झडल्यावरही उघड्या फांद्यांवर केशरी फळं लटकत राहतात. नर आणि मादी झाडं सहसा वेगळी असतात, आणि मुळांतून फुटवे येऊन एकाच झाडाची झुडी तयार होते. त्यामुळे अख्ख्या झुडीत एकही फळ नसेल तर ती बहुधा नर आहे. तिथे दरवर्षी आशेने चकरा मारू नका. जमीन खासगी असेल तर मालकाला विचारा, सरकारी असेल तर तिथल्या कार्यालयाला. फळं गोळा करण्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात.

आता खरा प्रश्न. फळ पिकलं हे ओळखायचं कसं?

आधी फ्रॉस्टचं खूळ डोक्यातून काढा. काही झाडांची फळं सप्टेंबरमध्येच, थंडीचा पत्ता नसताना पिकतात. काहींची डिसेंबरपर्यंत तुरटच राहतात. शेजारशेजारच्या दोन झाडांत महिन्याचा फरक मी पाहिला आहे. कडक थंडीने फळ मऊ पडतं, पण मऊ म्हणजे पिकलेलं नव्हे. माझी बादली नेमकी याच चुकीची होती.

रंगावरही जाऊ नका. केशरी रंग पिकण्याच्या कितीतरी आधी येतो. फळ पिकलं की त्याची चमक जाते, साल सुरकुतते, अर्धपारदर्शक होते, कधी तिच्यावर जांभळट छटा येते. हातात घेतल्यावर पाणी भरलेल्या फुग्यासारखं लिबलिबीत लागतं. देठाकडची चार पाकळ्यांची टोपी अलगद सुटून येते. टोपी ओढावी लागली तर फळ ठेवून द्या. थोडक्यात, दुकानात जे फळ सडकं म्हणून बाजूला टाकलं असतं, तेच तुम्हाला हवं आहे.

म्हणून मी तोडत नाही. झाडाखाली जुनी चादर अंथरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाते, कारण हरणं, रॅकून आणि कोल्हे रात्रभर जागे असतात आणि दिवसा गांधीलमाश्या येतात. फांदी हलवायचीच असेल तर हाताने हळूच, एकदाच. गदागदा हलवलीत की कच्ची फळंही पडतात आणि चादरीवर सगळी सारखीच दिसतात. वादळी वाऱ्यानंतर तर पडलेल्या फळांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

शेवटची परीक्षा जिभेची. प्रत्येक झाडाचं एक फळ चाखा, पण चिमूटभरच, आणि मग अर्धा मिनिट गप्प उभे राहा. गोडवा आधी येतो, तुरटपणा मागून. घाई करणारे गोडव्यावरच खूश होतात आणि टोपली भरतात. मिठी बसलीच तर पाण्याने काही होत नाही. दुधाचा घोट बरा. कच्ची फळं हट्टाने खाऊ मात्र नका. ती जास्त खाल्ली तर पोटात त्यांचा कडक गोळा बनू शकतो, आणि पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांना हा धोका अधिक.

हा तुरटपणा टॅनिनचा. फळ पिकताना टॅनिन नाहीसं होत नाही, एकमेकांना चिकटून न विरघळणारं होतं, म्हणून जिभेला कळत नाही. हे समजायला मला तीन वर्षं लागली. जेमतेम पिकलेल्या फळाचा गर न शिजवता गोड लागतो आणि शिजवला की पुन्हा तुरट होतो, तो यामुळेच. म्हणून भांड्यात एकही संशयित फळ नको. ते तेवढ्यापुरतं राहत नाही, सगळा गर बिघडवतं. जवळजवळ पिकलेली फळं कागदी पिशवीत सफरचंदासोबत दोन-चार दिवस ठेवली तर सुधारतात. टणक फळांसाठी हा उपाय सांगणाऱ्यांनी तो स्वतः करून पाहिलेला नसतो.

गर काढणं सोपं: फळं धुवा, टोप्या काढा, चाळणीवर हाताने दाबा. मिक्सर नको. एकेका फळात सहा-आठ चपट्या बिया असू शकतात, त्या फुटल्या की गर कडवट होतो.

इंडियाना राज्यात याचं पुडिंग घरोघरी होतं. मिचेल गावात तर दर सप्टेंबरात पर्सिमॉनचा उत्सवच भरतो. माझं प्रमाण असं: दोन कप गर, दीड कप साखर, दोन अंडी, दीड कप ताक, दीड कप मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, पाव कप वितळवलेलं लोणी, दालचिनी, चिमूटभर मीठ. एक चमचा बेकिंग सोडा आधी ताकात घालून फेसू द्या, मग बाकी सगळं मिसळा. सोडा कमी करू नका. उरलासुरला तुरटपणा तोच आवरतो आणि पुडिंगला गडद तपकिरी रंगही त्याच्यामुळे येतो. पसरट भांड्यात, ओव्हनमध्ये १६५ अंश सेल्सिअसला ५० ते ६० मिनिटं. मधला भाग थोडा थरथरला तरी बाहेर काढा, निवताना बसतो.

जॅम करू नका. गर जितका आटवाल तितकी मिठी परत येण्याची भीती. शिऱ्यात मात्र हा गर पिकल्या केळ्यासारखा छान मिसळतो. रवा शिजल्यावर, गॅस बंद करून घाला आणि झाकण ठेवा. जास्तीचा गर पिशव्यांत पातळ पसरून फ्रीझरमध्ये टाका, वर झाडाची खूण लिहा. माझ्या फ्रीझरमध्ये सध्या ‘कुंपणाजवळचं’ आणि ‘ओढ्याकाठचं’ अशा दोन थप्प्या आहेत. ओढ्याकाठचं मी पाहुण्यांना देत नाही.