फोनच्या व्यसनावर ॲनिमेशन फिल्म करताय? आधी अंगठ्याचं टायमिंग जमवा

फोनच्या व्यसनावर फिल्म करायची म्हटलं की विद्यार्थ्यांच्या वहीत पहिल्याच दिवशी तीन चित्रं उमटतात: फोनमधून बाहेर येणारा राक्षस, हातांना बांधलेल्या साखळ्या आणि शेवटी फोन फेकून मैदानावर धावणारी मुलं. तिन्ही खोडून टाका. घरात बसलेल्या माणसाचं व्यसन असं दिसत नाही. ‘दोनच मिनिटं’ म्हणत फोन हातात घेतला आणि तास गेला, असं ते असतं. तो गेलेला तास दाखवायचा आहे.

गोष्ट लहान ठेवा. एक खोली, दोन माणसं, एक संध्याकाळ. नातू फोनमध्ये आहे, शेजारी आजी लसूण सोलत बसली आहे. भिंतीवरचं घड्याळ पळवू नका; ताटलीतला सोललेल्या पाकळ्यांचा ढीग वाढू द्या, वेळ आपोआप कळते. घराबाहेरचा विषय हवा असेल तर सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ मध्ये गावाने ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. त्या भोंग्यावर एकाही संवादाशिवाय फिल्म उभी राहू शकते.

लांबी दीड मिनिट. सेकंदाला २४ फ्रेम आणि एक चित्र दोन फ्रेमना धरलं, तरी १०८० चित्रं होतात. याहून जास्त एकट्याने अंगावर घेऊ नका.

ॲनिमेशनसाठी क्रिता, ओपनटून्झ किंवा ब्लेंडरमधली ग्रीस पेन्सिल ही सॉफ्टवेअर आहेत, तिन्ही फुकट. जे येतं ते वापरा. स्टोरीबोर्ड म्हणजे प्रसंगांची क्रमवार चित्रं काढा, टाइमलाइनवर टाका, कच्चा आवाज लावून ॲनिमेटिक, म्हणजे फिल्मचा कच्चा आराखडा, बनवा.

आता खरी अडचण. फोन बघणारा माणूस हलतच नाही, आणि बहुतेक फिल्म इथेच फसतात. काही जण घाबरून पात्राची मान हलवतात, केस उडवतात. मग तो गुंतलेला वाटत नाही, अस्वस्थ वाटतो. काही जण एकच चित्र ताणतात. मग फाइल अडकली की काय असं वाटतं. यावर उपाय म्हणजे तीच पोझ तीनदा गिरवायची आणि ती तीन चित्रं आळीपाळीने चालवायची. शरीर स्थिर राहतं, रेष जिवंत राहते. हालचाल फक्त तीन जागी ठेवा: अंगठा, बुबुळं, पापण्या.

अंगठ्याचं टायमिंग साधारण असं: टेकायला २ फ्रेम, वर सरकायला ४. अंगठा उचलला तरी पडद्यावरचा मजकूर पुढचे बारा-चौदा फ्रेम मंदावत सरकत राहतो. त्यानंतर येतो थांबा, आणि फिल्मचा जीव या थांब्यात आहे. ‘एक स्क्रोल ॲनिमेट करा आणि सायकल लावा’, म्हणजे तोच पुन्हा पुन्हा चालवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अजिबात ऐकू नका. सारख्या अंतराने हलणारा अंगठा यंत्राचा वाटतो. थांबे असे ठेवा: ३० फ्रेम, १०, ८, मग अचानक ४८, पुन्हा ६. त्या ४८ फ्रेममध्ये त्याला काहीतरी आवडलेलं असतं, आणि पुढचे सगळे स्क्रोल तसंच काहीतरी पुन्हा मिळेल या आशेवर चालतात. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की पक्षी टोच मारत राहतो. शिवाय पडद्याचा तळ कधीच दाखवू नका. न संपणारं स्क्रोल २००६ मध्ये डिझायनर एझा रास्किन यांनी तयार केलं. थांबायची जागाच त्यात उरली नाही.

आता डोळे. नोटिफिकेशन वाजलं की बुबुळं आधी वळतात, मान तीनेक फ्रेमनंतर. आजीने हाक मारली की याच्या उलट करा: मान आजीकडे वळते, बुबुळं मात्र आणखी आठ-दहा फ्रेम पडद्यावरच राहतात. हे एक जमलं तर संवादाची गरज उरत नाही. पडद्याकडे एकटक बघताना माणूस पापण्या कमी मिटतो. म्हणून सुरुवातीला दर तीन-चार सेकंदांनी पापणी लववा आणि फिल्म पुढे सरकेल तसं ते अंतर वाढवत न्या.

हे सगळं अंदाजाने करू नका. दुसऱ्या फोनवर स्वतःचा अंगठा आणि चेहरा शूट करा आणि फ्रेम-फ्रेम बघा. मगच रेषा ओढा.

पडद्यावर खऱ्या ॲपची नक्कल करू नका, रंगाचे चौकोन पुरतात. चौकोन बदलला की त्याच फ्रेमला चेहऱ्यावरचा उजेडही बदला. आवाजात लसणाच्या सालींची कुरकुर सुरुवातीला स्पष्ट ठेवा, नंतर हळूहळू दाबत न्या. शेवटी ‘फोन कमी वापरा’ अशी पाटी लावू नका. तिच्यामुळे आधीची सगळी मेहनत वाया जाते.

ॲनिमेटिक तयार झालं की विषय न सांगता घरातल्या एखाद्याला दाखवा आणि तो कुठे चुळबुळतो ते टिपून घ्या. तिथले फ्रेम कापा, मगच पक्की चित्रं काढायला बसा. संगीत स्वतःचं किंवा रीतसर परवानगी घेतलेलं वापरा, कारण महोत्सवांना प्रवेशिका पाठवताना हक्कांबद्दल विचारणा होते. मुंबईच्या ‘मिफ’ या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात माहितीपट आणि लघुपटांसोबत ॲनिमेशनलाही जागा असते; तिथे पाठवायची असेल तर इंग्रजी सबटायटल आत्ताच करून ठेवा.