तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव: कुठला फरक चालतो, कुठला नडतो

तिकीट काढण्याआधी प्रवासात कोणतं ओळखपत्र दाखवायचं ते ठरवा, ते समोर ठेवा आणि त्यावर बघूनच नाव टाइप करा. सेवा केंद्रावर किंवा ट्रॅव्हल्सवाल्याकडे तोंडी नाव सांगू नका. ‘जाधव’ ऐकून एक जण शेवटी व्ही टाकतो, दुसरा ओ. विठ्ठलला डबल टी आहे की एकच, लक्ष्मीत एक्स आहे की केएस, ज्ञानेश्वर डीएनवायने सुरू होतो की जीवायने, हे ऐकून कुणालाच कळत नाही. ओळखपत्राचा फोटो पाठवा आणि पैसे भरण्याआधी स्क्रीनवरचं नाव एकेक अक्षर जुळवून बघा. मोबाइलवर स्वतः तिकीट काढत असाल तर आधीच्या प्रवाशाचं नाव रकान्यात आपोआप भरलं जातं, तिकडेही लक्ष असू द्या.

काही फरक दिसायला विचित्र असले तरी निरुपद्रवी असतात. विमानाच्या तिकिटावर सगळी अक्षरं कॅपिटल येतात, आडनाव पुढे जातं, ‘गंगा बाई’चं ‘गंगाबाई’ होतं, टिंब आणि जोडरेघ गळते. नावाच्या शेपटीला मिस्टर किंवा मिसेस चिकटून येतं, ते आरक्षण प्रणालीचं काम आहे. देशांतर्गत विमानासाठी वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गाळलं तरी सहसा अडत नाही. नाव आणि आडनाव मात्र जुळलं पाहिजे. आधारवर शाळेच्या दाखल्यासारखं आडनाव आधी असेल तर घाबरू नका, फक्त फर्स्ट नेम आणि लास्ट नेमच्या रकान्यांत उलटापालट करू नका.

शब्दच बदलला की नडतं. घरात सगळे बापू म्हणतात म्हणून तिकिटावर बापू, आणि आधारवर बाबुराव. लग्नानंतर आधार सासरच्या नावाने, पॅन अजून माहेरच्या. अशा वेळी तिकीट ज्या नावाचं, तेच कार्ड सोबत न्या. दोन्ही कार्डं दाखवून ‘ही मीच’ म्हणत दारावरच्या सुरक्षा जवानाशी वाद घालण्यात अर्थ नाही, विमान थांबत नसतं.

परदेशी जायचं तर आधार बाजूला ठेवा. नेपाळ-भूतान सोडलं तर तिथे पासपोर्टच चालतो, आणि व्हिसा लागत असेल तर तोही त्याच नावाचा लागतो. फोटोच्या पानावर तळाशी 44-44 खुणांच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत पी आणि आयएनडी झाल्यावर आडनाव येतं, मग बाणाच्या टोकासारख्या दोन खुणा सलग, आणि त्यापुढे दिलेलं नाव. दिलेल्या नावात दोन शब्द असतील तर त्यांच्यामध्ये अशी एकच खूण असते. विमानतळावरचं यंत्र हीच ओळ वाचतं, म्हणून तिकिटाचे रकाने याच विभागणीने भरा. आपल्याकडे बऱ्याच पासपोर्टांत दिलेल्या नावातच वडिलांचं नावही असतं. तसं असेल तर दोन्ही लिहा.

‘शेख सलीम शेख करीम’ अशा नावांचा घोळ इथेच होतो. एका पासपोर्टात शेख आडनावाच्या रकान्यात, तर त्याच घरातल्या दुसऱ्यात सगळं नाव एकाच रकान्यात. उमरा किंवा दुबईसाठी कुटुंबाची तिकिटं एकत्र काढताना एकाचं बघून बाकीच्यांची नावं भरू नका. पासपोर्टवर एकच शब्द आणि दुसरा रकाना कोरा असेल तर तिकिटाआधी व्हिसाचं बघा. 2022 पासून यूएईने अशा एकेरी नावांवर व्हिजिट व्हिसासाठी बंधनं घातली आहेत.

चूक दिसली की त्याच दिवशी हालचाल करा. विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेल्या तिकिटावर त्याच माणसाच्या नावातली चूक 24 तासांत कळवली तर दुरुस्तीचे पैसे घेऊ नयेत, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम आहे. एजंटाकडून किंवा बुकिंग ॲपवरून काढलं असेल तर कंपनी बहुधा तुम्हाला परत त्यांच्याकडेच पाठवते, त्यात दिवस जातो. पीएनआर (तिकिटावरचा आरक्षण क्रमांक) आणि ओळखपत्राची प्रत जोडून लेखी कळवा. दुरुस्ती होईपर्यंत वेब चेक-इन करू नका, ते झालं की नावाला हात लावणं अवघड होतं. एका माणसाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर मात्र करून मिळत नाही.

रेल्वेचं तंत्र वेगळं. आरक्षित डब्यात एका तिकिटावरच्या प्रवाशांपैकी एकाने मूळ ओळखपत्र दाखवलं तरी भागतं, त्यामुळे देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसला एखाद्या अक्षराने सहसा बिघडत नाही. उलट, तिकीट पक्कं असेल तर ते आई-वडील, भावंडं, मुलं किंवा नवरा-बायको यांच्या नावावर एकदा करून मिळतं. त्यासाठी गाडी सुटण्याच्या 24 तास आधी आरक्षण केंद्रावर अर्ज आणि नात्याचा पुरावा द्यावा लागतो.

तान्हं बाळ विमानाने नेताना जन्मदाखला काढून बघा. नोंदणीच्या वेळी नाव ठरलं नसेल तर दाखल्यावर नावाची जागा कोरी राहते. बारसं झालं असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नाव चढवून घ्या, मगच तिकीट काढा.