गोल फिरतंय की चौकोन पडतायत? डिश-इंटरनेटच्या बॉक्सबाबत या चुका टाळा

रात्री साडेआठ-नऊला फोन वाजला की समोरचं वाक्य मला आधीच माहीत असतं. "दादा, पिक्चर अडकतोय, नुसतं गोल गोल फिरतंय, छत्री हललीय वाटतं, जरा येता का?" कराडच्या आसपास गेली बारा वर्षं मी डिश बसवतोय, आणि हे असे एकाच बॉक्सवर चॅनल पण आणि ओटीटी ॲप (नेटफ्लिक्ससारखी, इंटरनेटवरून चालणारी) पण असलेले बॉक्स घरोघरी आल्यापासून तर हा फोन आठवड्यातून चार वेळा तरी येतो. २०१९ मध्ये एअरटेलचा एक्स्ट्रीम बॉक्स आला, २०२० च्या जानेवारीत टाटा स्कायचा (आता टाटा प्ले) बिंज प्लस आला, डिश टीव्ही आणि डीटूएचचेही आले. बॉक्स चांगले आहेत, मी स्वतःच्या घरी वापरतो. पण लोकांनी अजून एक गोष्ट समजून घेतलेली नाही, आणि बाकीच्या निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात.

बॉक्स एक दिसतो पण आत दोन मशीन आहेत. एकाला मागून छत्रीची जाड वायर येते, ३६ हजार किलोमीटरवरच्या सॅटेलाइटकडून. दुसऱ्याला घरातल्या राउटरकडून वायफाय नाहीतर लॅन केबल (इंटरनेटची वायर) येते. या दोघांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. स्क्रीनवर गोल फिरत असेल तर तो इंटरनेटचा प्रॉब्लेम, छत्रीचा कधीच नाही. छत्रीचा सिग्नल कमी झाला की चित्र चौकोन चौकोन होऊन फुटतं, आवाज कटकट करतो, मग सिग्नल नाही असा मेसेज येतो. गोल म्हणजे राउटर, चौकोन म्हणजे छत्री, एवढं लक्षात ठेवलं तरी माझे अर्धे फोन कमी होतील.

आता मला सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक, ती म्हणजे ॲप अडकलं म्हणून छत्री फिरवणं. पाटण तालुक्यातलं एक घर आहे, रिटायर झालेले सर आणि बाई दोघंच राहतात, मुलगा पुण्याला. गणपतीला मुलगा आला, रात्री आरती झाल्यावर सगळे पिक्चर बघायला बसले आणि गोल फिरायला लागलं. पोरगा इंजिनियर, त्याला वाटलं पावसानं छत्री हलली असणार. पाटणचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, कोयनेच्या खोऱ्यातला. त्या पावसात हा ओल्या पत्र्यावर चढला, पान्यानं दोन्ही बोल्ट ढिले केले आणि खालून कोणीतरी "आलं का? नाही आलं" करत राहिलं. ॲप तर सुरू झालं नाहीच, वर जी चॅनल व्यवस्थित चालू होती तीही गेली. सकाळी सरांचा फोन, आवाजात इतका संकोच की मला पुढं काही बोलताच आलं नाही.

मी गेलो तर छत्री भलतीकडंच. आपल्या भागातून टाटा प्लेचा सॅटेलाइट ८३ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे दक्षिणेपासून थोडा पूर्वेकडं आणि बराच वर, साधारण ६६-६७ अंशाच्या उंचीवर असतो. एअरटेलचा १०८.२ अंशाला, तो जास्त पूर्वेकडं आणि खाली, ४५-४६ अंशावर. आणि आपल्या छत्र्या ऑफसेट असतात, म्हणजे त्या समोर बघतायत असं दिसतं पण प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच वर बघत असतात. त्यामुळं नुसत्या नजरेच्या अंदाजानं छत्री लावणाऱ्याला ती कधीच लागत नाही. दोन फुटाची छत्री दोन-तीन अंश इकडची तिकडं झाली की सिग्नल शून्य. दोन-तीन अंश म्हणजे छत्रीच्या कडेला एक-दीड सेंटीमीटर फक्त. त्या पोरानं ती वीतभर फिरवली होती. वर मोबाइलचं होकायंत्र लावून दिशा बघितली म्हणाला, पण लोखंडी पाइपला चिकटून मोबाइल धरला तर होकायंत्र चुकीचंच दाखवणार, लोखंड त्याला ओढतं. मी पाइपपासून चार पावलं लांब जाऊन दिशा घेतो आणि समोर एखादं झाड नाहीतर खांब खूण म्हणून धरतो, तशी सवयच आहे.

अडीच तास गेले. मीटर लावला, उंची पक्की केली, मग डावीकडून उजवीकडं कणाकणानं फिरवली, शेवटी एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा, थोडा तिरका करून घेतला. चॅनल आली. मग मी घरात येऊन मूळ प्रॉब्लेम बघितला. गणपतीच्या मखरासाठी हॉलमधलं टेबल रिकामं केलं होतं आणि त्यावरचा राउटर आतल्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागं नेऊन ठेवला होता. वायफायला त्या कपाटातून आणि दोन भिंतींतून यायचं होतं, कसं येणार? राउटर बाहेर काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, दहा मिनिटांत पिक्चर सुरू. दहा मिनिटांच्या कामासाठी एक माणूस रात्री ओल्या पत्र्यावर चढला होता. मला छत्रीचं काही वाटत नाही, ती परत लागते. त्या पत्र्यावरून पोरगा घसरला असता तर काय, ते मी परतताना सगळा रस्ता डोक्यात घेऊन आलो. म्हणून सांगतो, पावसात वर चढायचं नाही, कोणीच नाही, मी सुद्धा जोराचा पाऊस असला तर थांबतो.

मग बघायचं कसं? माझी पद्धत साधी आहे. आधी एक साधं चॅनल लावतो, मग एक ॲप उघडतो. चॅनल चालतंय आणि ॲप नाही, तर छत्री विसरायची. ॲप चालतंय आणि चॅनल नाही, तर राउटरला हात लावायचा नाही. दोन्ही नाही तर आधी एचडीएमआय वायर, टीव्हीचा इनपुट आणि बॉक्सचा ॲडाप्टर बघायचा. हे करायला एक मिनिट लागतो, पण लोकांना तेवढाही धीर नसतो.

इथं एक गंमत अशी की तेच चॅनल छत्रीवरून पण येतं आणि ॲपमधून पण लाइव्ह दिसतं, त्यामुळं माणूस गोंधळतो. आयपीएलच्या वेळी एक काका म्हणाले, शेजारी आधी ओरडतात आणि आपल्याकडं विकेट नंतर पडते, डिश उशिरा देतीय का? ते मॅच ॲपवर बघत होते, शेजारी छत्रीवरून. इंटरनेटवरचं लाइव्ह थोडं मागं असतंच.

वायफायबद्दल जरा सविस्तर बोलायलाच पाहिजे, कारण इथं लोकांचे पैसे जातात. अडकलं की लोक ब्रॉडबँडवाल्याला फोन करून प्लॅन वाढवतात. विद्यानगरला एक ताई आहेत, त्यांनी ४० एमबीपीएस वेगाचा प्लॅन १०० चा केला, १०० चा २००, आणि तरी अडकत होतं. मी बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पीड बघितला तर बॉक्सपर्यंत ६-७ एमबीपीएस पोचत होते. राउटर जिन्याजवळ, बॉक्स भिंतीवरच्या टीव्हीच्या बरोबर मागं दाबून बसवलेला. टीव्हीची मागची बाजू म्हणजे धातूचा पत्रा आणि सर्किट, त्याच्या मागं लपवलेल्या बॉक्सला वायफाय मिळणार कुठून? दिसायला छान दिसतं हे मान्य, पण मला ते लपवून बसवायचं फॅड अजिबात पटत नाही. नेटफ्लिक्स स्वतः फोरकेसाठी १५ एमबीपीएस आणि फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस सांगतं. म्हणजे ४० चा प्लॅनसुद्धा एका टीव्हीला भरपूर होता, फक्त तो बॉक्सपर्यंत पोचत नव्हता.

माझं मत विचाराल तर वायफायच्या भानगडीत पडूच नका, लॅन केबल टाका. छत्रीची वायर आपण भिंतीला क्लिपा मारून आणतोच ना, तशीच राउटरपासून एक केबल आणायची. खर्च काही शे रुपये. मागं लॅनचं भोक आहे का ते बघा, बहुतेक बॉक्सना असतं, आणि ते १०० एमबीपीएसचं असलं तरी पुरतं. केबल शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जोडा, पण राउटर त्याच खोलीत असेल तरच. भिंत मध्ये आली की ५ चं लवकर मरतं, तिथं २.४ बरं, पण फ्लॅटमध्ये २.४ वर सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी. ताईंना केबल टाकून दिली आणि प्लॅन परत ४० वर आणायला सांगितला. दोन वर्षं झाली, फोन नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बॉक्स चालवणाऱ्यांना एकच आकडा सांगतो. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, फोरकेला ७ जीबीपर्यंत. रोजचा दीड जीबी अर्ध्या तासात संपला तर कंपनीला शिव्या देऊ नका.

दुसरी मोठी चूक स्प्लिटरची. बेडरूममध्ये दुसरा बॉक्स घेतला की लोक बाजारातून पन्नास रुपयाचा केबल टीव्हीचा स्प्लिटर आणतात आणि एकाच वायरीचे दोन फाटे करतात. हे चालत नाही हो, आणि का चालत नाही ते समजून घ्या म्हणजे परत करणार नाही. एलएनबीकडून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतो. केबलचा जुना स्प्लिटर बहुतेक १००० च्या आसपास संपतो, म्हणजे वरची सगळी चॅनल तिथंच अडकली. शिवाय बॉक्स त्याच वायरीतून एलएनबीला करंट पाठवतो, १३ व्होल्ट दिले की एलएनबी एका प्रकारची चॅनल देतो आणि १८ दिले की दुसऱ्या प्रकारची. आता हॉलमधला बॉक्स १३ मागतोय आणि बेडरूममधला १८, तर एलएनबीनं कोणाचं ऐकायचं? म्हणूनच अर्धी चॅनल येतात, अर्धी येत नाहीत, आणि आत कोणीतरी चॅनल बदललं की बाहेरचं जातं. मग सासू-सुनेत वाद, आणि दोष बॉक्सला. दोन बॉक्सला दोन तोंडांचा ट्विन एलएनबी लावायचा आणि दोन स्वतंत्र वायरी टाकायच्या. वायर आरजी-६ च (डिशसाठीची जाड गोल वायर), आणि मध्ये जोड नको. दोन तारा पिळून वर काळी टेप मारलेली मी बघितली की माझं डोकंच फिरतं. एक पावसाळा, टेपच्या आत पाणी, तांब्याला हिरवा थर, संपलं. जोड द्यायलाच लागला तर नीट कनेक्टर लावा आणि तो पावसाच्या बाहेर ठेवा.

आणि वायर काढताना-लावताना बॉक्सचा स्विच बंद करा, रिमोटनं नाही, भिंतीवरचा. त्या वायरीत करंट असतो हे आत्ताच सांगितलं.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

रिचार्ज. डिशचा रिचार्ज वेगळा, ब्रॉडबँडचा वेगळा, ॲपचं सबस्क्रिप्शन बरेचदा आणखी वेगळं. आईवडिलांसाठी बॉक्स घेऊन देणाऱ्या मुलांनी तिन्हीच्या तारखा एका कागदावर लिहून टीव्हीजवळ चिकटवाव्यात, फोनवरून समजावत बसण्यापेक्षा ते बरं.

फोरके दिसत नाही म्हणून बॉक्स बदलून मागणारे. टीव्ही फोरके आहे का, त्याच्या ज्या एचडीएमआय पोर्टला बॉक्स लावलाय तो फोरके घेतो का, एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारी व्यवस्था) आहे का, आधी ते बघा. बऱ्याच टीव्हींना सगळे पोर्ट सारखे नसतात. वायर पण दहा वर्षांपूर्वीच्या डीव्हीडीची नको.

सगळी ॲप म्हणतायत इंटरनेट नाही, पण राउटर चालू आहे? बॉक्सची तारीख-वेळ बघा. तारीख चुकली की ॲपना सुरक्षित कनेक्शन जोडता येत नाही. तारीख आपोआप घेण्यावर ठेवा.

बॉक्स मंद झाला. आतली जागा थोडीच असते, त्यात लोकांनी गेम टाकलेले असतात. गेम काढा, ॲपचा कॅश (साठलेला तात्पुरता डेटा) साफ करा, भिंतीवरून बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. लगेच फॅक्टरी रीसेट मारू नका! यूट्यूबवर बघून पहिल्या मिनिटाला रीसेट मारणाऱ्यांची मला खरंच चीड येते, सगळे लॉगिन जातात, पासवर्ड कोणाला आठवत नाहीत आणि मूळ प्रॉब्लेम तसाच राहतो.

फुकट पिक्चरसाठी बाहेरून एपीके (ॲपची फाइल) टाकणं. नका टाकू. त्याच बॉक्सवर तुमचं गुगल अकाउंट असतं.

बॉक्सवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी. आत गरम होतो, त्याला हवा लागते.

जोरदार पावसात चॅनल जाणं हा बिघाड नाही. या लहरी पाण्यात शोषल्या जातात, ढग सरले की आपोआप येतं. पाऊस थांबून तास झाला तरी आलं नाही, तर एलएनबीच्या तोंडात किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल, तेव्हा फोन करा.

शेवटचं एक, कारण यावरून दर वर्षी फोन येतात. मार्चच्या मध्याच्या आसपास आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस साधारण सकाळी साडेनऊ ते सव्वाबाराच्या दरम्यान, आकाश निरभ्र असताना, चॅनल काही मिनिटं जातात आणि रोज जवळपास त्याच वेळेला जातात. तेव्हा सूर्य आपल्या छत्रीतून बघितलं तर बरोबर सॅटेलाइटच्या मागं आलेला असतो आणि त्याच्या लहरींच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. कोणाची चूक नाही, दुरुस्त करण्यासारखं काही नाही. तेवढा वेळ बातम्या ॲपवर लावा, ते इंटरनेटवरून येतं, त्याला सूर्याशी घेणंदेणं नाही, आणि पाना पेटीतच राहू द्या.