सहल मुंबईची, इंग्रजी मात्र घरीच राहिलं? या चुका टाळा

मराठी माध्यमाची सातवीची पोरं ठाण्याहून मुंबई बघायला न्यायची, का तर ती बाहेर पडली की इंग्रजी बोलतील. पहिल्या वर्षी कोणी बोललंच नाही, आणि त्यात चुका जास्त करून माझ्याच होत्या.

सगळ्यात मोठी घोडचूक म्हणजे वर्कशीट. चांगली चार पानी काढली होती, मग काय, म्युझियममध्ये शिरल्यापासून पोरांची मान खाली ती खालीच, पाटीवरचं बघून उतरवत सुटली. एकाने सुंदर अक्षरात 'सिक्स्टीन्थ सेंच्युरी' लिहिलेलं, म्हटलं म्हणजे काय रे, तर म्हणे "बाई, तिथे लिहिलं होतं ना." आता तीनच प्रश्न देते, आणि ज्याचं उत्तर पाटीवर नाही असेच. सीएसएमटीच्या गेटच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ, सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा. पोरांना समोर उभं करायचं आणि दोघांत फरक काय ते जोडीदाराला इंग्रजीत सांगा म्हणायचं. "टायगर नो हेअर" असं कोणीतरी म्हणणारच, म्हणू दे, तिथल्या तिथे सुधारायला गेलात की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. चुका वहीत टिपून ठेवा, दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्या.

मराठी बोललं तर दंड, हे तर अजिबात नको. (आमच्याकडे पाच रुपये होता, पोरांनी सरळ मुक्यानेच सहल केली!)

तरी गप्पच बसतात? मग आधीच्या आठवड्यात तलावपाळीवर नेऊन आणा, मासुंदा तलावाकडे बघून 'आय कॅन सी', 'इट लुक्स लाइक' एवढी दोनच वाक्यं घोळवून घ्या.

ठिकाणं दोनच ठेवा. एलिफंटा त्यात कोंबू नका, लाँचला जाताना तास, येताना तास, आणि सोमवारी लेणी बंद.

परतीच्या ट्रेनमध्ये सहज सांगितलं, देशातली पहिली पॅसेंजर गाडी १६ एप्रिल १८५३ ला याच रस्त्याने बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला आली, १४ डबे, ४०० माणसं. आम्ही बारा डब्यांच्या लोकलमध्ये चेंगरलेलो, आणि दिवसभर गप्प असलेली एक पोरगी कोणाच्या तरी दप्तराआडून म्हणाली, "बाई, देन फोर्टीन, नाऊ ट्वेल्व्ह, व्हाय?"