आयरिश ड्राय स्टाउट: चव नीट कळायची असेल तर

आधी तापमान, कारण आपल्याकडे चूक बहुतेक वेळा तिथेच होते. वाळूजला बिअर बनते, पण ती बहुतांशी लागर, म्हणजे नेहमीची फिकट सोनेरी बिअर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लागर बर्फगार पिणं बरोबरच आहे. स्टाउट, म्हणजे भाजलेल्या जवाची काळी बिअर, मात्र २-३ अंशांवर प्यायली तर वास बसून जातो, जीभ बधिर होते आणि हाती नुसता कडवटपणा लागतो. चाखायला ६ ते ८ अंश सेल्सिअस योग्य. कॅन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ओतल्यावर मे महिन्यात पाच-दहा मिनिटांत ती तिथवर येते.

विजेटवाला कॅन कोमट असताना फोडू नका. विजेट म्हणजे आतली प्लास्टिकची गोळी, तिच्यात नायट्रोजन कोंडलेला असतो. कॅन उघडताच तो सुटतो, आणि बिअर गार नसेल तर फेस टेबलभर होतो. ग्लास काचेचा घ्या, ४४० मिलिच्या कॅनला निदान ५०० मिलिचा. तो साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खंगाळा आणि पुसायच्या फडक्याऐवजी वाऱ्यावर वाळवा. तेलाचा अंश राहिला तरी फेस मरतो, म्हणून चकणाही नंतर. तोंडात पान, बडीशेप, गुटखा यांची चव असेल तर साध्या पाण्याने चूळ भरून थोडं थांबा.

ग्लास ४५ अंशांत तिरपा धरून कॅन एका दमात ओता, शेवटी ग्लास सरळ करा. पाऊण ग्लास भरून थांबायची पद्धत नळाच्या स्टाउटची आहे. गिनेस या प्रसिद्ध आयरिश स्टाउटवाले त्या ओतण्याला ११९.५ सेकंद सांगतात. कॅनलाही दोनेक मिनिटं द्या. काचेलगत बुडबुडे खाली जाताना दिसतील. मधोमध ते वर चढतात, बिअर कडेने खाली उतरते आणि बारीक बुडबुड्यांना सोबत ओढते.

आता ग्लास उजेडासमोर धरा. काळी वाटणारी ही बिअर कडेला गर्द माणकासारखी लाल दिसते. रंगावरून कडक समजू नका: ड्राफ्ट गिनेस ४.२ टक्क्यांची, आपली स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत जाते. (गिनेसचाच फॉरिन एक्स्ट्रा हा वेगळाच, जास्त जोरकस प्रकार.)

वास दोन-तीन छोट्या हुंगण्यांत घ्या. मोड न आणता काळे होईपर्यंत भाजलेले जव हा या स्टाउटचा जीव. येसरासाठी धान्य खरपूस भाजताना घरभर जो वास सुटतो, त्यातून मसाला वजा करा. सोबत कोरी कॉफी आणि कमी गोडाचं चॉकलेट. पहिला घोट फेसातून, मोठा घ्या. चाटून-चाटून पिलं तर फक्त फेसच तोंडात येतो. घोट जिभेवर फिरवा. सुरुवातीला मऊपणा (नायट्रोजन आणि जवाचे पोहे, दोन्हींमुळे), मग जिभेच्या कडांना हलकी आंबट चुणूक, आणि गिळल्यावर कडवट, कोरडा शेवट. ‘ड्राय’ म्हणजे हेच: साखर जवळजवळ सगळी आंबून गेलेली, मागे गोडी रेंगाळत नाही. दाट दिसते, पण अंगाने हलकी असते. मर्फीज किंवा बीमिश या स्टाउट मिळाल्या तर शेजारी ठेवून चाखा. दोन्ही आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या, आणि फरक शेवटच्या कडवटपणात शोधा. अर्धा ग्लास राखून १२ अंशांच्या आसपास पुन्हा चाखा. कॉफी जास्त उघडते.

बिघाडही ओळखता यायला हवा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा सोया सॉसचा वास म्हणजे माल जुना, नाहीतर तापलेल्या गोदामात पडून राहिलेला. विकत घेताना कॅनवरची तारीख बघाच. लोण्याचा वास अगदी पुसट असेल तर चालतो. घसा ओढणारा आंबटपणा आला तर संसर्ग, ती ओतून द्या. राखेसारखा चरचरीतपणा जव जास्त करपल्याचा. बाटलीतली साध्या गॅसची (नायट्रोजनऐवजी कार्बन डायऑक्साइडची) असेल तर टोचते आणि आंबट जास्त लागते. तो दोष नाही.

चाखून झाल्यावर वाळूत भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा उत्तम, फरसाणापेक्षा कितीतरी बऱ्या. झणझणीत रस्सा टाळा: तिखटावर ही बिअर कडवटच लागते. नान-कलिया मध्यम तिखट असेल तर चांगला जुळतो.